तिशीच्या आत नाव झालं, आता पुढची तीस वर्षं? (व्यावसायिक छायाचित्रण, सांगली)

कॅमेरेवाली

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी सांगलीची, विश्रामबागेत छोटा स्टुडिओ आहे. काही वर्षांपूर्वी तालमीतल्या पोरांची एक मालिका केली होती. हळद, तेल, ताक, लिंबू घालून मळलेली लाल माती पोरांच्या कानात, भुवयांत भरलेली आणि उंच झरोक्यातून एकच तिरीप आत आलेली. त्याला दिल्लीच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळालं, पेपरांत मुलाखती आल्या आणि त्या जोरावर मुंबईच्या एका एजन्सीनं अख्खी मोहीम दिली. होर्डिंगं पुण्यापासून बेळगावपर्यंत लागली. गल्लीत माझा सत्कार झाला, नारळ-शालीसकट. वय पंचवीस.

त्यानंतर जे काम आलं ते 'तसंच पाहिजे' म्हणून आलं. सिमेंट असो नाहीतर बनियन, माती उधळायची आणि तिरीप सोडायची. सुरुवातीला मजा वाटली, पैसेही बरे मिळाले. मग तोच लूक कुणीही प्रीसेट (एका क्लिकवर लागणारी तयार रंगसेटिंग) टाकून द्यायला लागलं. आता तर एआयला चार ओळी लिहिल्या की मातीतला पैलवान हजर. फोन कमी झालेत. मागचं मोठं काम झालं त्याचे पैसे अजून अडकलेत.

या धंद्यात माणसं तीस-चाळीस वर्षं टिकतात ती नेमकी कशावर? मुंबई गाठावी का? लग्नं घ्यावीत का? तालमीचा लूक सोडावा की तोच घट्ट धरावा? 'पॅशन असेल तर सगळं होतं' छापाचे सल्ले कृपया नकोत, ते इन्स्टावर फुकट मिळतात.

विट्याचा_गडी

ताई, तुमची होर्डिंगं बघून आमच्यासारख्या पोरांनी घरात भांडून कॅमेरे घेतले, त्यामुळं अर्धा दोष तुमचा!

लग्नाचं म्हणाल तर पैसा चोख आहे. निम्मे तारीख धरताना, उरलेले अक्षता पडायच्या आत. अल्बम झाल्यावर देतो म्हणणाऱ्याचा अल्बम आमच्याच कपाटात म्हातारा होतोय. पण एक हाय, तुमच्या नावाच्या पेजवर वरातीतला डीजे दिसला की मुंबईवाला परत फोन करणार नाही. करायचं तर वेगळ्या नावानं करा. बाकी जाणकार बोलतील, मी बसतो ऐकत.

लेआउट

मूळचा कराडचा, पुण्यात एजन्सीत आर्ट डायरेक्टर आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं सांगतो.

पहिला फोन फोटोमुळं येतो. क्लायंटपुढं 'तालमीचं ते यांनी केलंय' एवढं म्हटलं की मंजुरी पटकन मिळते, आमचं काम सोपं होतं. दुसरा फोन वेगळ्याच कारणानं येतो. ऐनवेळी लेबल बदललं, मॉडेल उशिरा आली, क्लायंटचे साहेब सेटवर येऊन 'जरा उजेड वाढवा की' म्हणाले, तेव्हा तुम्ही काय केलंत हे आमच्या डोक्यात राहतं. फोटो चांगला येणार हे आम्ही गृहीतच धरलेलं असतं.

आता 'तसंच पाहिजे'बद्दल. दोष आमचाच आहे, आम्ही आळशी. जे दिसतं तेच मागतो. पण तुमच्या पोर्टफोलिओत मातीशिवाय काही दिसलंच नाही, तर दुसरं मागायचं सुचणार कुणाला?

अमेरिकन फोटोग्राफर इर्व्हिंग पेनचं उदाहरण घ्या. 'व्होग'साठी त्याचं पहिलं मुखपृष्ठ ऑक्टोबर १९४३ चं. फॅशनचं मासिक, पण मुखपृष्ठावर बाई नाही. पर्स, हातमोजे, स्कार्फ, लिंबं-संत्री अशी वस्तूंची मांडणी. तिथून साठ वर्षांहून जास्त काळ तो त्याच मासिकाला फोटो देत राहिला. कपडे, चेहरे, फुलं, जे येईल ते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून 'क्लिनिक' (Clinique) या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडसाठी क्रीमच्या बाटल्या आणि डब्यांच्या जाहिराती केल्या, त्याही वर्षानुवर्षं. आणि याच माणसानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यावरची सिगारेटची थोटकं स्टुडिओत आणून त्यांचे फोटो काढले, प्लॅटिनमच्या महागड्या पद्धतीनं छापले. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ते भिंतीवर लावले. डब्यांचे पैसे मिळत होते, थोटकं कुणी मागितलीच नव्हती.

रिचर्ड अ‍ॅव्हेडनचं नाव तर विशी संपायच्या आत झालं, 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकात. १९६६ ला 'व्होग'मध्ये गेला. पन्नाशी उलटल्यावर, १९७९ ते १९८४, अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून खाणकामगार, भटके, कारकून यांना पांढऱ्या कागदापुढं उभं केलं. काहींनी नाकं मुरडली. १९९२ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकानं त्याला आपला पहिला स्टाफ फोटोग्राफर म्हणून घेतलं, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. २००४ मध्ये गेला तोही त्यांच्याच कामावर असताना.

दोघांतही एक गोष्ट दिसते. मागितलेलं काम आणि न मागितलेलं काम, दोन्ही शेवटपर्यंत शेजारी-शेजारी चालू होतं. तुमची तालीम कुणी मागितली होती का?

कॅमेरेवाली

नाही. मामाच्या तालमीत मीच जाऊन बसायचे. आणि त्यानंतर न मागितलेलं काही केलेलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तिसरी_घंटा

१८४३ साली जिथं पहिलं मराठी नाटक लागलं त्या सांगलीचाच आहे, त्यामुळं टाळ्या आणि गल्ला यांतला फरक आम्हाला जन्मजात कळतो. म्हणून जरा विरोधी सूर.

लेआउटसाहेबांची उदाहरणं भारी आहेत, पण त्यांच्या मागं मासिकाचा करार होता, पगारी सहायक होते, न्यूयॉर्कचा जाहिरातबाजार होता. आपल्याकडं सहायक म्हणजे आतेभाऊ, तोही दहावीची परीक्षा संपेपर्यंत. शिवाय जे टिकले तेच आपल्याला दिसतात. त्याच काळात 'बझार'मध्ये छापून आलेले आणि पुढं विमा विकायला लागलेले कुठं दिसतात?

आणि टिकणं म्हणजे तरी काय? अ‍ॅनी लिबोविट्झ ही अमेरिकन फोटोग्राफर, १९७० पासून 'रोलिंग स्टोन' आणि १९८३ पासून 'व्हॅनिटी फेअर' या नियतकालिकांत. जगात तिच्याहून मोठं नाव शोधून सापडायचं नाही. २००९ मध्ये तिच्या डोक्यावर २ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज होतं, आणि तारण काय, तर घरं आणि स्वतःच्या फोटोंचे हक्क! काम होतं, नाव होतं, मानधन होतं, तरीही. तेव्हा 'चांगलं काम करत राहा' हे उत्तर अपुरं आहे. हिशोबाचं कुणीतरी बोला.

मिरज_स्टुडिओ

घंटाराव, घरचं उदाहरण पाहिजे ना, घ्या.

गौतम राजाध्यक्ष. मराठी माणूस, रसायनशास्त्र शिकलेला. १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागला, पुढं त्या विभागाचा प्रमुख झाला. नट-नट्यांचे चेहरे टिपायला १९८० च्या आसपास सुरुवात केली आणि नाव झालं. नाव झाल्याबरोबर नोकरी सोडली असेल असं वाटतं ना? सोडली १९८७ मध्ये. म्हणजे मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत असताना हा माणूस पगाराची नोकरी करत होता. २०११ मध्ये गेला तोवर त्याच्याकडून फोटो काढून घेणं म्हणजे चित्रपटसृष्टीत मान होता.

दुसरे मित्तर बेदी. आपल्या देशात कारखान्यांचे फोटो हा स्वतंत्र धंदा म्हणून उभा केला तो यांनी. पोलाद, तेल, खत, रसायनं. नट्यांच्या मागं लोक धावत होते तेव्हा हा माणूस चिमण्या आणि टाक्यांपुढं कॅमेरा लावून उभा. कारखाना दरवर्षी वाढतो, दरवर्षी अहवाल छापतो, दरवर्षी फोटो लागतो. नटी दरवर्षी नवी येते आणि आपला फोटोवाला घेऊन येते.

आता पोरी, तुझ्याबद्दल. मी मिरजेत वडिलांच्या स्टुडिओत वाढलो. काचेवर पेन्सिलीनं रिटचिंग करणाऱ्या पिढीचा शेवटचा माणूस बहुतेक मीच. ब्लॅक अँड व्हाइट गेलं, रंगीत रोल आले, मिनीलॅब आल्या, डिजिटल आलं, २००८ मध्ये कॅननच्या ५डी मार्क २ नं स्थिर फोटोच्या कॅमेऱ्यात सिनेमासारखा व्हिडिओ आणून ठेवला, मग मोबाइल. प्रत्येक वेळी शेजारचे दोन स्टुडिओ बंद पडले. आमचा राहिला तो पासपोर्ट फोटोमुळं आणि सतारींमुळं.

सतारीचं सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाहेरगावी माल पाठवणारे कारागीर त्याच्या आधीपासून माझ्याकडं फोटोला येतात. भोपळ्यावर असं चकचकीत पॉलिश असतं की फोटोत सतार कमी आणि माझा स्टुडिओ जास्त दिसायचा: छत्री, स्टँड, मी स्वतः, पोटासकट. त्यावर उपाय म्हणजे दिव्यांवर पोलरायझर (चमक गाळणारा फिल्टर) शीट लावायची आणि लेन्सवर पोलरायझर फिरवायचा. सगळी चमक जाते. पण पूर्ण फिरवला की दोन घोटाळे होतात. पॉलिश मेल्यासारखं दिसतं, जणू भोपळ्याला डिस्टेंपर मारलाय. आणि तारा काळ्या पडतात, कारण धातूवरची चमकही त्यात जाते. तरफेच्या, म्हणजे पडद्यांखालच्या बारीक तारा तर दिसतच नाहीत. कारागीर म्हणतो, तारा कुठं गेल्या माझ्या? म्हणून फिल्टर थोडा अलीकडं थांबवायचा आणि बाजूनं एक अरुंद दिवा बिनशीटचा, फक्त तारांच्या अंगानं. मग दांडीवरचं नक्षीकाम दिसतं, पॉलिशवर एक लांब मऊ रेघ राहते आणि तारा उजळतात.

हे कुठल्या स्पर्धेत जात नाही. पण ज्याची सतार एकदा अशी निघाली तो दुसरीकडं जात नाही. त्याचा मुलगा आता ऑनलाइन विकतो, तोही माझ्याकडंच येतो. तुझ्या तालमीच्या फोटोला जगानं टाळ्या दिल्या, चांगलंच झालं. पण असा एक तरी अवघड प्रश्न शोध, जो या भागात फक्त तुला सुटतो.

विट्याचा_गडी

काका, दंडवत! वाचनखूण साठवली. ती पोलरायझर शीट मिळती कुठं?

हळद_पेठ

काकांच्या शेवटच्या वाक्याला +१, आणि प्रश्न मीच देतो.

आमची सांगलीत हळदीची पेढी आहे, पावडर पॅक करून बाहेर पाठवतो. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं, तेव्हापासून पाकिटं, वेबसाइट, प्रदर्शनं, सगळीकडं फोटो लागतात. आणि हळदीचा फोटो म्हणजे डोक्याला ताप. मुंबईच्या नावाजलेल्या फोटोग्राफरकडून काढून घेतले होते. दिसायला सुंदर, काळा दगड, पितळी वाटी, वर उधळलेली पावडर. पण राजापुरी हळदीचा जो रंग आम्ही सौद्यात हातावर घेऊन बघतो, तो नव्हताच. पडद्यावर सपाट पिवळा ठिपका, छापल्यावर एका खेपेला शेंदरी आणि दुसऱ्या खेपेला हिरवट. हिरवट झाक दिसली की गिऱ्हाइकाला भेसळीचा संशय येतो. परदेशातला खरेदीदार तर फोटो आणि नमुना शेजारी ठेवतो.

आम्हाला कला नको असं नाही. पण आधी हळद हळदीसारखी दिसू दे, मग वाटी कुठं ठेवायची ते ठेवा.

आणि हे काम एकदाचं नसतं. पाकिटाचं वजन बदलतं, लेबलावरचा मजकूर बदलतो, नवीन मसाला येतो, दिवाळीचा सेट येतो. तासगाव बाजूचे बेदाणेवाले, कुपवाडचे कारखानदार, सगळ्यांची हीच रड आहे. या भागात हे नीट करणारं कुणी असेल तर लोक पुण्याला कशाला जातील?

कॅमेरेवाली

दादा, हा प्रश्न मला येतो की! तालमीच्या मातीत हळद असते, त्यामुळं तिच्याशी माझी झटापट झालेली आहे.

होतं असं की हळदीचा पिवळा इतका गडद असतो की कॅमेऱ्याच्या लाल-हिरव्या-निळ्या तीन चॅनलांपैकी लाल आधी फुटतो, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे जातात, आणि निळा पार शून्यावर जातो. वरचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघितला तर सगळं आलबेल दिसतं, म्हणून फसायला होतं. तिन्ही चॅनल वेगवेगळे बघावे लागतात. एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली, करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स, आणि दिवा अगदी खालून आडवा, म्हणजे पावडरचा कण न् कण सावली टाकतो. नाहीतर तो ठिपकाच होतो. फाइल मोठ्या रंगपट्ट्यात (कलर स्पेस) उघडायची, वेबसाठी छोट्या पट्ट्यात आणताना फक्त पिवळ्याची तीव्रता उतरवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. छपाईत मॅजेंटा (गुलाबी शाई) जरा जास्त पडला की शेंदरी, सायन (निळी शाई) डोकावला की हिरवट. त्यामुळं प्रूफ बघताना प्रेसवर तुमची खरी हळद कागदाच्या पुडीत घेऊन उभं राहायला पाहिजे, पांढऱ्या उजेडात.

पण (आणि हे जरा भीत-भीत विचारतेय, काकांनी रागावू नये) पाकिटं आणि पावडरी काढत बसले तर जे काही नाव आहे ते पुसलं नाही का जाणार? मुंबईवाले म्हणतील, ती आता मसाल्याचे फोटो काढते.

लेआउट

म्हणू देत. पेन क्रीमचे डबे काढत होता हे वर लिहिलंच आहे. फक्त दोन ठिकाणं वेगळी ठेवा. एजन्सीला दाखवायच्या पोर्टफोलिओत हळदीचा एकच फोटो, पण असा की बघणारा थबकेल. पाकिटांचा कॅटलॉग पेठेतल्या लोकांसाठी वेगळा.

तुमचं वरचं उत्तर वाचून मी काय केलं सांगू? एका फूड ब्रँडच्या कामासाठी तुमचं नाव यादीत टाकलं. तालमीसाठी नाही, लाल चॅनलसाठी. मिळेलच असं नाही, आमच्याकडं यादी हा मोठा विनोद असतो.

मिरज_स्टुडिओ

मी कशाला रागावू? पण नाव पुसलं जाईल ही भीती काढून टाक. नाव तसंही जातं. डेव्हिड बेलीचं बघ, १९६० मध्ये ब्रिटिश 'व्होग'ला लागला, साठच्या दशकात लंडनमध्ये त्याच्याइतका प्रसिद्ध फोटोवाला नव्हता. सत्तरच्या दशकात ऑलिंपस कॅमेऱ्याच्या जाहिराती आल्या, त्यांचा विनोदच असा की सामान्य माणूस विचारतो, डेव्हिड बेली? कोण तो? आणि त्या जाहिरातींत बेली स्वतः काम करत होता! स्वतःच्या नावावर हसून त्याचे पैसे घेतले गड्यानं.

कासपठारी

साताऱ्याहून लिहितोय. काकांशी बऱ्यापैकी सहमत, पण 'एकच अवघड प्रश्न धर' हे मला अर्धवट पटतं.

माझं नाव कासच्या फुलांवर झालं. पावसात पालथं पडून, भिजलेल्या दगडावर पोट टेकवून काढलेले जवळचे फोटो. तेव्हा पठारावर फारसं कुणी नसायचं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि पुढच्याच हंगामात रस्त्यावर गाड्यांची रांग. कुंपण आलं, प्रवेशशुल्क आलं, आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये माझाच फोटो आला, किंबहुना माझ्याहून बरा. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तेवढा धीर पोटाला नसतो. फुलांच्या फोटोचा मक्ता मी काही घेतला नव्हता, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार?

मग एमआयडीसीतल्या फोर्जिंगवाल्यांची, म्हणजे तापलेलं लोखंड साच्यात ठोकून सुटे भाग बनवणाऱ्यांची कामं घ्यायला लागलो. तिथं फुलांचा अनुभव कामाला आला, हे मला आधी वाटलं नव्हतं. मंद उजेडात बारीक गोष्टीवर फोकस धरणं, वाट बघणं, आणि पंधरा मिनिटांत सामान गुंडाळून निघणं. तापलेला लाल लोखंडी तुकडा साच्यात पडतो तो क्षण फुलपाखराइतकाच पटकन जातो.

सांगायचं हे की आज जो प्रश्न फक्त तुम्हाला सुटतो, तो उद्या फोनला सुटतो. हळदीचा लाल चॅनलही एक दिवस सुटेल. हातात जे राहतं ते दुसऱ्या कामात नेता आलं पाहिजे. दर काही वर्षांनी पुन्हा शिकाऊ व्हायची तयारी लागते, आणि एकदा वर्तमानपत्रात फोटो छापून आला की शिकाऊ होणं फार जड जातं. मला फोर्जिंगच्या शॉपफ्लोअरवर माझ्या निम्म्या वयाच्या सुपरवायझरनं हेल्मेट नीट घाल म्हणून झापलं होतं. घातलं नीट.

शिकवण्याबद्दल मात्र सावध राहा. नाव झालं की लोक कार्यशाळा घ्या म्हणतात. पैसे सोपे असतात, पण सहा महिने शिकवत बसलो की आपल्याकडं दाखवायला नवं काही उरत नाही.

तिसरी_घंटा

एआयबद्दल कुणीच बोलेना. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकारानं सोनीच्या जागतिक स्पर्धेत एआयनं केलेलं चित्र पाठवलं, बक्षीस मिळालं आणि त्यानं ते नाकारलं. परीक्षकांना कळलं नव्हतं की काय, यावर पुष्कळ वाद झाला. ताईंना बक्षीस मिळालं तसलं बक्षीस यापुढं किती दिवस कुणाचं नाव करणार, हाच मुद्दा आहे.

हळद_पेठ

आमच्यापुरतं सांगतो. पोस्टरच्या मागचं शेत एआयनं केलं तर मला काही वाटत नाही. पाकिटावरची पावडर मात्र माझीच पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि दंडाआधी बाजारात तोंड दाखवायचं असतं.

लेआउट

+१. एजन्सीत सादरीकरणाची चित्रं आता सर्रास एआयनं होतात, त्यामुळं 'मूड' विकणाऱ्यांचं काम गेलं. हे स्पष्टच सांगतो, मातीतल्या पैलवानाचं कामही त्यात गेलं. खरी वस्तू, खरा कारखाना, खरा माणूस दाखवायचा असतो तिथं अजून फोन येतो.

आकडेमोड

घंटारावांनी हिशोबाचं विचारलं होतं. सी.ए. आहे, ग्राहकांत फोटोग्राफर, डिझायनर बरेच. मुद्द्याचं तेवढं लिहितो.

कॅमेरेवाली ताई, पैसे अडकलेत म्हणालात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आजच करा, फुकट आहे, आधार-पॅनवर होते. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. त्याशिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेलं असं बिल त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षीच. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला व्याजापेक्षा या वाक्याची भीती जास्त वाटते. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मार्च संपायच्या आत एक नम्र मेल टाका. नोंदणी कामाच्या आधीची असली तर बाजू भक्कम राहते, म्हणून पुढच्या कामांसाठी तरी हयगय नको.

आता हक्क. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. तुम्ही नाही. बहुतेक फोटोग्राफरना हे उलटं वाटतं. म्हणून कोटेशनमध्येच लिहायचं: हक्क छायाचित्रकाराकडे, क्लायंटला वापराचा परवाना, कशासाठी, किती वर्षं, कुठं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. तीन वर्षांनी त्यांना पुन्हा होर्डिंग लावायचं असेल तर पुन्हा पैसे. टिकण्याच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही, पण जुन्या कामातून येणारा पैसा असतो तो हाच.

तालमीची मूळ मालिका तुम्ही स्वतःहून काढलीत, म्हणजे ती तुमची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. एजन्सीच्या मोहिमेचे फोटो कुणाचे, ते तुमचे मेल काढून बघावं लागेल.

कॅमेरेवाली

मेल काढून बघितले. मोहिमेच्या पीओमध्ये (कामाच्या लेखी ऑर्डरमध्ये) 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं आहे. म्हणजे ते गेलं. तालमीचे मूळ फोटो मात्र कुणालाच दिलेले नाहीत, फक्त स्पर्धेला. बरं वाटलं.

घंटादादा, मुंबईला जायचं तूर्त रद्द. तिथलं घरभाडं बघितलं, त्यात इथं वर्षभर स्टुडिओ चालतो. हळददादांच्या पेढीवर पुढच्या आठवड्यात येतेय, सौदे चालू असताना. हरिपूरच्या बाजूची हळद साठवायची पेवं अजून कुठं शाबूत आहेत का? जमिनीखालची ती कोठारं पाडायच्या किंवा बुजायच्या आत नीट टिपावीत असं डोक्यात आलंय. हे कुणी मागितलेलं नाही.

हळद_पेठ

२००५ च्या पुरात पुष्कळ गेली, उरलेल्यांतली थोडी बघायला मिळतील. आमच्या जुन्या हमालमामांना बरोबर देतो. एक अट, पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही. आत श्वास घेण्याजोगी हवा नसते, कोंडलेली निघून जाईपर्यंत काही तास थांबावं लागतं. मामा सांगतील तेव्हाच खाली, फोटोची तिरीप कितीही चांगली पडलेली असली तरी.

कोटेशन पाठवा. दर वाजवी लावा, आम्ही पेठेतले लोक घासाघीस करणारच.

तिसरी_घंटा

बघा, आली घासाघीस! ताई, दहा टक्के आधीच चढवून ठेवा.

आकडेमोड

चढवू नका, वापराची मुदत कमी करा. पाच वर्षांऐवजी दोन. दर तोच राहतो, भांडण मिटतं. आणि पेवांचे फोटो पेढीच्या बिलात घेऊ नका, स्वतःच्या खर्चानं काढा. कलम १७ चं वर लिहिलंच आहे.

मिरज_स्टुडिओ

कोटेशन पाठवायच्या आधी मला दाखव पोरी. आणि विट्याच्या गड्या, शीट मुंबईहून मागवतो मी, रोलवर कापून मिळते. मिरजेला ये, माझ्याकडं तुकडे पडलेत, एक लहान दिवा झाकेल एवढा देतो. सोमवारी नको, सोमवारी पासपोर्टवाल्यांची गर्दी असते.